सूनबाईंची डिस्क आणि माझं निदान

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत, कुणी घर सोडून गेलेलं नाही आणि मला कशाची वर्गणीही नको आहे. तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा गुडघा जिना चढू देतो की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि बुद्धिबळातला आमचा डाव मी सोडलेला नाही, विचार करतोय, असंही सांग. (चार वर्षं झाली खरी, पण घाईत केलेली चाल वाया जाते.) आमच्याकडचं म्हणशील तर मी उत्तम, तुझी भावजय माझ्याहून उत्तम, चिरंजीव नेहमीप्रमाणे कामासाठी बाहेरगावी. राहिली सूनबाई. तिच्याबद्दलच लिहायचं आहे. वाचताना मला शिव्या द्याव्याशा वाटतील, त्या शेवटपर्यंत साठवून एकदमच दे. मधेमधे दिल्यास तर पुरायच्या नाहीत.

तू आली होतीस तेव्हा ती पडदे नि उशांचे अभ्रे शिवायची. आता तिचं काम फार वेगळं झालंय. दुकानातले तयार कपडे ज्यांच्या अंगाला कधीच बसत नाहीत अशा माणसांसाठी ती कपडे शिवते. कुणाचा एक खांदा खाली, कुणाला एकच हात, कुणी दिवसभर चाकाच्या खुर्चीत. प्रत्येकाची मापं घ्यायची, त्यावरून कॉम्प्युटरवर पॅटर्न काढायचा, म्हणजे कापड कसं बेतायचं त्याचं रेखाटन, आणि तो पुन्हा पुन्हा दुरुस्त करायचा. एक ग्रंथपाल आहेत, पाठीला बाक असलेले. त्यांचा शर्ट आयुष्यभर मागून वर आणि पुढून गुडघ्याकडे निघालेला. हिने सात वेळा अंगावर घालून बघून त्यांचा पॅटर्न बसवला. शर्ट घालून ते आमच्या आरशासमोर दहा मिनिटं एका बाजूने वळून उभे होते, आणि निघताना माझ्याशीच दोनदा हात मिळवून गेले. अशी तीनशे चाळीस माणसं, सहा वर्षांची मेहनत, आणि ही सगळी माणसं राहत होती साबणाच्या वडीएवढ्या एका डबीत. तिला हार्ड डिस्क म्हणतात. कॉम्प्युटरला बाहेरून वायरने जोडतात.

आता तू शहाणी आहेस, विचारशील की दुसरी प्रत नव्हती का. होती! ते खातं माझ्याकडे होतं. दर रविवारी सगळ्याची एक प्रत करून ठेवायची, असं तिने मला शिकवलं होतं आणि मी सलग दोन वर्षं एकही रविवार चुकवला नाही. वहीत बरोबरच्या खुणा आहेत, बघायला दाखवीन. फक्त ती प्रत मी त्याच डिस्कवर, शेजारच्या कप्प्यात, ‘दुसरी प्रत’ असं ठळक नाव देऊन ठेवत होतो. आपल्या कपाटाची जादा किल्लीसुद्धा मी कपाटातच ठेवतो, हरवायला नको म्हणून. (यावर तुझी भावजय काय म्हणते ते तुला ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही.) एकूण काय, डबी एक, प्रती दोन, आणि माझी झोप शांत.

तर गेल्या महिन्यात सूनबाई तीन दिवस मापं घ्यायला परगावी गेली. मंगळवारी सकाळी मी तिचं टेबल पुसायला घेतलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण रिकामा माणूस आणि ओलं फडकं एकत्र आले की असं होतं. डिस्क चालू होती. ती मी क्षणभर शेजारच्या शिलाई मशीनवर ठेवली, आणि आता हात लागलाच आहे तर मशीनही जरा चालवून बघावं म्हणून मोटरच्या पेडलवर पाय दिला. मशीन थरथरलं, डिस्क सरकत सरकत कडेला गेली आणि कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर पडली. (म्हणजे मी पाडली असं नव्हे. मी ठेवली होती तिथून ती पडली.) उचलली, फुंकर मारली, फडक्याने पुसली, पुन्हा जोडली. कॉम्प्युटर म्हणाला, कुठली डिस्क? मला काही दिसत नाही.

इथे दुसरा कुणी असता तर दुकानात पळाला असता. पण ताई, चाळीस वर्षं मी शिलाई मशिनी दुरुस्त केल्या त्या उघडून नव्हे, ऐकून. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि चाक फिरवायचं. ‘खट्ट’ आलं की सुई वाकडी, ‘कर्र’ आलं की तेल नाही, आणि दोन्हींच्या मधे काहीतरी कुरकुरलं की गिऱ्हाईक खोटं बोलतंय, मशीन पडलेलं आहे. बाजारात मला नावाने कुणी ओळखत नव्हतं. कानवाले कुठे बसतात, असं विचारत यायचे लोक. अशा माणसाने एका डबीपुढे हात टेकायचे?

मी मोबाइलवर अभ्यास केला. डिस्कच्या पोटात म्हणे एक चकचकीत तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर न टेकता, केसाहूनही कमी अंतर राखून, एक वाचणारं टोक हिंडतं. बिघाड ओळखायचा तो आवाजावरून! हे वाचून मला जी ऊब आली ती काय सांगू, निवृत्तीनंतर कुणी घरी येऊन बोलावणं दिल्यासारखं वाटलं. टिकटिक येत असेल तर टोक गेलं. घासल्याचा आवाज असेल तर तबकडीवर चरे पडतायत. बारीक गुणगुण असेल तर मोटर अडकली. आणि काहीच आवाज नसेल तर पोटात सगळं ठीक, बाहेरची सर्किटची पट्टी तेवढी जळाली, ती बदलता येते. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं की टिकटिक किंवा घासल्याचा आवाज आला तर वीज ताबडतोब तोडा आणि डिस्क पुन्हा चालू करू नका, कारण प्रत्येक वेळी ती स्वतःलाच खरवडते. मी स्क्रू ड्रायव्हर आणला, डिस्कवर टेकवला, डोळे मिटले. एकदा उजव्या कानाने, एकदा डाव्या कानाने. चिडीचूप. टाचणी पडल्याचाही आवाज नाही.

निदान झालं: सर्किटची पट्टी. आतलं यंत्र शाबूत, पॅटर्न सुखरूप, घाबरायचं कारण नाही. इतकं स्वच्छ निदान मी कारकिर्दीत केलं नसेल. मग उपचार सुरू केले. यंत्र शाबूत असल्यामुळे चालू ठेवायला हरकत नव्हती, तेव्हा पट्टी तापून शुद्धीवर येईल म्हणून मंगळवारचा अख्खा दिवस डिस्क चालू ठेवली. बुधवारी वायर बदलली, भोक बदललं, खोली बदलली. काढली आणि लावली, काढली आणि लावली, तीस-चाळीस वेळा सहज. मधूनमधून बोटाच्या पेराने टिचक्याही मारल्या, लहान मुलाला उठवतात तशा. दरम्यान तुझ्या भावजयीचं काहीतरी बिनसलं होतं. बुधवारी दुपारी ती स्वयंपाकघरातून आली, भिंतीवरच्या घड्याळाकडे रागाने बघत राहिली, मग स्टुलावर चढून ते काढलं, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि कपाटात कोंबलं. थोड्या वेळाने परत आली, कपाट उघडलं आणि घड्याळातला सेलच काढला. तरी तिचं समाधान होईना, कपाटाला कान लावून उभी. मला वाईट वाटलं. वय कुणाला सोडतं, असं मनात म्हटलं, आणि पुन्हा वायर काढून लावली.

गुरुवारी सकाळी सूनबाई आली. दारात बॅग ठेवली, चप्पल काढायला वाकली आणि वाकलेलीच थांबली. मग तशीच चपलेसकट धावत आत गेली आणि तिने वायर उपटली. मी कौतुकाने सगळी केस सांगायला लागलो, आवाज कसा नाही, पट्टी कशी जळालीय. ती डिस्क छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, प्रवास झेपला नाही. तिने एवढंच विचारलं की किती वेळ चालू होती. मी अभिमानाने सांगितलं, परवापासून.

त्याच दुपारी आम्ही दोघं एका दुरुस्तीवालीकडे गेलो. मेलेल्या डिस्कमधून माहिती परत काढायचं तिचं काम. चिंचोळी खोली, बाहेर एक बाक, मधे काचेची भिंत. आत धुळीचा कण चालत नाही म्हणून ती बाई नखशिखान्त झाकलेली, डोक्याला टोपी, हातात मोजे आणि तोंडाला मास्क. बाहेर येऊनही मास्क काढला नाही. वय आपल्या धाकट्या भाचीएवढं असेल. तिने सूनबाईला बाजूला सारून मलाच प्रश्न विचारायला घेतले, कारण रोग्याजवळ मी होतो. तोंडावर फडकं बांधून बोलणाऱ्या माणसाचं बोलणं कुणाला कळेल तू सांग. पण अडाणी दिसायला नको म्हणून मी प्रत्येक प्रश्नाला समजूतदारपणे हो म्हणत गेलो. नंतर कागदावर सही करताना कळलं की डिस्क पाण्यात पडली होती, आगीत सापडली होती आणि याआधी कुणीतरी ती खिळ्याने उघडली होती, या तिन्हींना मी मान डोलावली होती. सूनबाईने तिन्ही खोडून घेतले. पडण्याबद्दल मात्र त्या बाईने विचारलं नसावं, कारण त्याला हो म्हटल्याचं माझ्या लक्षात नाही.

मग मी माझं निदान सांगितलं, स्क्रू ड्रायव्हरच्या पद्धतीसकट. बाईने ऐकून घेतलं, डिस्क बाहेरच्याच टेबलावरच्या तिच्या यंत्राला जोडली आणि फक्त दोन सेकंद वीज दिली. ताई, तेव्हा मी डिस्ककडे बघत नव्हतो, माणसांकडे बघत होतो. बाकावर एक गृहस्थ लॅपटॉप मांडीवर घेऊन पेंगत होते, ते खडबडून जागे झाले. बाईचे डोळे बारीक झाले. सूनबाईने ओठ चावला. खोलीतल्या तीन माणसांना एकाच क्षणी काहीतरी लागलं होतं आणि मी मात्र पुढच्या सूचनेची वाट बघत उभा होतो. बाईने मास्क खाली ओढला आणि मला विचारलं, “काका, आत्ता तुम्हाला काय ऐकू आलं?”

मी म्हटलं, काही नाही. तेच तर सांगतोय.

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडलो असतो, भांडायला मला जमतं. त्याऐवजी सूनबाई पटकन म्हणाली की बाबांचा कान बारीक आवाजासाठी आहे, एवढा ढणढणीत आवाज त्यांच्या धंद्यात कधी यायचाच नाही. किती वाईट थाप! तिला थापा मारायचा सराव नाही, तो आपल्या घराण्याचा गुण. पण ती बाई मोठी हुशार निघाली. तिने माझा हात धरून माझं बोट डिस्कच्या पाठीवर टेकवलं आणि पुन्हा दोनच सेकंद वीज दिली. आणि ताई, बोटाला कळलं. टक, टक, टक, थांबा. टक. आत काहीतरी जागा शोधायला निघत होतं, ती सापडत नव्हती म्हणून परत येऊन आपटत होतं. चाळीस वर्षांत शेकडो मशिनींत मी ही धडपड ओळखली आहे. माझ्या तोंडून आपोआप गेलं की टोक गेलंय, पडल्यामुळे वाकलंय. बाई म्हणाली, अगदी बरोबर. आयुष्यातलं माझं सर्वांत अचूक निदान ते, आणि दोन दिवस उशिरा. दोन दिवस मी त्या डिस्कला तीस-चाळीस वेळा उठवून स्वतःलाच खरवडायला लावलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. घरी येताना मी रिक्षात एक शब्द बोललो नाही, आणि तिकडून काही आला असेल तर मला कळला नाही.

पुढचे अकरा दिवस कसे गेले ते विचारू नकोस. सूनबाई गिऱ्हाइकांना वेळ मागत होती, ग्रंथपालांना नवा शर्ट कधी, हे तिला सांगता येत नव्हतं. मी घरात असा वावरत होतो जसा पाहुणा मुक्काम वाढल्यावर वावरतो. मला रागावली असती तर सुटलो असतो. पण ती जेवताना समोर बसायची, माझ्याकडे बघून सावकाश, खणखणीत आवाजात विचारायची की भाजी वाढू का. ही पोरगी इतक्या मोठ्याने का बोलते, हे माझं दोन वर्षांपासूनचं गाऱ्हाणं. तुझ्या भावजयीपाशी मी ते अनेकदा मांडलंय आणि तिने दर वेळी माझ्याकडे बघून नुसता उसासा टाकलाय.

बाराव्या दिवशी डिस्क परत आली, म्हणजे तिच्या पोटातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर आलं. तीनशे चाळीसपैकी तीनशे एकतीस माणसं वाचली. ग्रंथपाल वाचले! मी आनंदाने ओरडलो तर शेजारच्यांनी खिडकी उघडली. नऊ पॅटर्न मात्र कायमचे गेले, तबकडीवर जिथे चरे पडले तिथले. आठ जणांना सूनबाई पुन्हा मापं द्यायला बोलावणार आहे. नववा मीच होतो. माझा सदरा, माझी विजार, सगळं गेलं. न्याय इतका चोख क्वचित होतो.

रविवारी तिने मला आरशासमोर उभं केलं आणि मागून मापं घ्यायला लागली. टेप खांद्यावर, टेप पाठीवर. मी आरशात बघत होतो. ती माझ्यामागे वाकून माप घेई आणि काही सांगायचं झालं की सरळ उभी राही, आरशात माझ्या डोळ्यांना डोळे मिळेपर्यंत थांबे, आणि मगच बोले. हात वर करा. श्वास सोडा. आता वळा. मी म्हणालो, तू कधीपासून हे असं करतेस? ती आरशातच म्हणाली, “दोन वर्षं झाली, बाबा. तुम्हाला आवडणार नाही म्हणून सांगितलं नाही.” ताई, मला फार लाज वाटली. आणि खोटं कशाला लिहू, त्याहून जास्त बरं वाटलं. दोन वर्षं ही मुलगी घरभर माझ्या पुढे येऊन, उजेडात उभी राहून बोलत होती आणि मी समजत होतो की तिला मधे मधे करायची सवय आहे. त्या दिवशी मी तिला सांगितलं की कानाच्या डॉक्टरकडे मी जाईन. तिने टेप गुंडाळली आणि वहीत माझं माप लिहिलं. खांदे पूर्वीपेक्षा पाऊण इंच उतरले आहेत, असंही सांगितलं, तेही मोठ्याने.

असो. पत्र फार लांबलं. तुम्हा दोघांच्या प्रकृतीची काळजी घ्या, आम्हाला विसरू नका, आणि माझ्या अक्षराला हसू नका, तेवढं एकच अजून शाबूत आहे.

तुझा धाकटा,
पूर्वाश्रमीचा कानवाला

ता. क. डॉक्टरची वेळ येत्या गुरुवारची आहे. तुझ्या भावजयीला सोबत हवी म्हणून मी जातोय, असं शेजारी सांगितलं आहे. तुलाही कुणी विचारलं तर तसंच सांग.

ता. क. २. डिस्क मशीनवर मी ठेवली होती हे सूनबाईला अजून ठाऊक नाही, तेव्हा उत्तरात त्याचा उल्लेख नको. पत्रं ती आणून देते. (हे पत्रही टाकायला तिच्याकडेच देतोय. पाकीट दोनदा चिकटवलं आहे.)

ता. क. ३. खरं म्हणजे पत्र लिहायला घेतलं ते यासाठी. डिस्क पडायच्या आठ-दहा दिवस आधी तुझा फोन आला होता. तू पंचवीस मिनिटं बोललीस. त्यातलं मला एक अक्षरही कळलं नाही. तू थांबलीस की माझी पाळी असं धरून मी तीनदा ‘अरे वा’ म्हणालो, एकदा ‘छान झालं’ म्हणालो, आणि शेवटी तू बराच वेळ गप्प राहिलीस तेव्हा ‘चालायचंच’ म्हणून हसलो. त्यानंतर तुझा फोन आलेला नाही. ताई, तू काय सांगत होतीस ते मला लिहून पाठव. मोठ्या अक्षरात नको, डोळे ठीक आहेत. जे काही असेल त्याला मी ‘छान झालं’ म्हणालो ते मागे घेतो. आणि खरंच छान झालं असेल, तर तेवढं पुन्हा म्हणतो.